खड्ड्यातला क्लास

धकाते सरांच्या क्लासात कॉम्प्युटर शिकायचा तर आधी खड्ड्यात पाय सोडून बसावं लागे. ही बोलायची रीत नव्हे, खराखुरा खड्डा. गुडघ्याच्या वर खोल, आतून सारवलेला, काठावर पोत्याची घडी टाकलेली. खड्ड्यावर आडवी फळी आणि फळीवर कॉम्प्युटर. पहिल्या दिवशी मी दारात चपला काढल्या, तो देखावा पाहिला आणि चपला परत पायात सरकवू लागले. तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला, "ये बाई, ये. भेऊ नोको. खड्डा साप-विंचवाचा नाही, कोष्ट्याचा आहे."

माझं गाव आसगाव. घरी धानाची शेती. मी रोज एसटीनं पवनीला कॉलेजात जात असे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला आणि उरलेल्या भंडाऱ्यात जो तो कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करू लागला, त्या वर्षांतली ही गोष्ट. कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय हे आमच्याकडे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. पण तो न शिकलेल्या पोरीचं लग्न जमत नाही, हे माझ्या मावशीला पक्कं ठाऊक होतं. तिनंच मला धकाते सरांकडे पिटाळलं, आणि तेही त्यांचा क्लास बसस्टँडपासून जवळ आहे एवढ्याच गुणावर.

सर कोष्ट्यांच्या घरातले. घराची पुढची लांबट खोली पिढ्यान्‌पिढ्या विणकामाची. चार खड्डे, चार माग. विणणारा माणूस खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडून लाकडी पट्ट्या दाबतो आणि मांडीसमोर लुगडं वाढत जातं. सरांनी त्यातले तीन माग सोडवले, लाकडं दोरांनी बांधून छताखाली टांगली आणि तीन खड्ड्यांवर तीन कॉम्प्युटर मांडले. टेबल-खुर्च्या का घेतल्या नाहीत, असं कोणी विचारलं की म्हणत, "खुर्चीत माणूस पेंगते. खड्ड्यात पाय सोडून बसला का पाठ आपोआप सरळ होते. आमच्या घरी कोणाची बी पाठ दुखत नाही. बाकी सारं दुखते."

चौथ्या खड्ड्यात मात्र सरांचे वडील बसत. आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू. उघडं अंग, गुडघ्यावर खोचलेलं धोतर, कानात बिडी. क्लास चालू असताना त्यांचा माग बिनधास्त खटखटत असे आणि सर त्या खटखटीवरून आवाज चढवून शिकवत. आबाजींचा नियम होता की नवा विद्यार्थी आला की त्याला अट ऐकवायची. मलाही ऐकवली. वर टांगलेल्या लाकडांकडे बोट करून म्हणाले, "हे माहे माग. या शालिकले, माह्या पोराले, म्या सांगून ठेवलं आहे. जोवर पोट्टे येतीन तोवर खड्डे तुहे. ज्या दिवशी एक बी नाही आला, त्या दिवसापासून खड्डे माहे. त्याच दिवशी माग खाली उतरतीन." सरांनी ही अट मान्य केली होती, आणि मोडायचा त्यांचा विचार नव्हता. बापलेकांचं बाकी कशावरच एकमत नव्हतं, या अटीवर तेवढं होतं.

त्यामुळे रोज संध्याकाळी माग थांबवून आबाजी एकच प्रश्न विचारत, "आज किती?" सर आकडा सांगत. आकडा चांगला असला की आबाजींचं तोंड वाकडं होई. आम्ही पोरं त्या टांगलेल्या लाकडांखाली बसून शिकलो. माझ्या डोक्यावर नेमका सगळ्यात जड माग होता, म्हणून मी हजेरी कधी चुकवली नाही.

सर स्वतः कोणत्याही क्लासात गेलेले नव्हते. नागपूरला एका छपाईच्या दुकानात मजकूर टाइप करायला होते. दुपारी मालक जेवायला घरी गेला की ते इंटरनेट उघडत आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी नवशिक्यांसाठी फुकट लिहून ठेवलेले धडे वाचत. वेबपेज कसं बनवायचं, हे शब्द काय, ती खूण कशाची, सगळं तिथून. इंग्रजी यथातथाच, तेव्हा शेजारी डिक्शनरी. याबद्दल ते फार भाबडेपणानं बोलत. "मले ज्यानं शिकवलं त्याचं तोंड बी म्या पाह्यलं नाही बाई. नाव बी नीट वाचता येत नव्हतं. त्याले म्या फी कोठी नेऊन देऊ? मंग जो समोर येईन त्याले देतो." क्लास काढणाऱ्या माणसाला हा विचार परवडणारा नाही, हे आम्हा कॉलेजच्या पोरांनाही कळत होतं. सरांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी मनावर घेतलं नाही.

शिकवण्याची त्यांची रीत त्यांचीच. "आधी शब्द, मंग बटन," हे त्यांचं ब्रीद. एक शब्द सांगत आणि म्हणत, घरी जा आणि ज्यानं कॉम्प्युटर पाहिलाच नाही अशा माणसाला तो समजावून ये. घरचं माणूस काय म्हणालं ते दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं. त्यावर पुढचं बटण मिळे. माझ्या वाट्याला पहिल्या आठवड्यात 'सर्व्हर' आला. मी आईला चुलीपुढे बसून सांगितलं की कुठेतरी लांब एक मोठं यंत्र असतं, त्यात सगळं साठवलेलं असतं आणि ज्याला पाहिजे तो तिथून आपल्यापुरतं घेतो. आई भाकरी उलटत म्हणाली, "म्हंजे आपली बोडी. पाणी सगळ्याइचं, ज्याच्या त्याच्या बांधीत ज्याच्या त्याच्या पाटानं." बोडी म्हणजे आमच्याकडे शेताच्या वरच्या अंगाचं लहान तळं, आणि बांधी म्हणजे धानाचा वाफा. सरांना हे सांगितलं तर त्यांनी मला सोडून आईचंच कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी 'डाउनलोड' आणि 'अपलोड' असे दोन शब्द एकदम दिले. डाउनलोड आईला लगेच पटलं. अपलोडवर मात्र ती अडली. "बांधीतलं पाणी बोडीत उलटं चढवतेत? कायले? बोडी आटली का?" सर यावर दिवसभर हसत होते आणि मला दोन्ही बटणं मिळाली.

अशी घराघरांतून आलेली उत्तरं सरांनी एका वेबपानावर मांडली. पानाचं नाव 'सुरुवात इथून'. कुठल्याशा परदेशी कंपनीनं फुकट दिलेल्या जागेवर ते उभं होतं. वर कॉम्प्युटरचे शब्द आणि आमच्या आयाबापांनी सांगितलेले अर्थ, आणि खाली जगभरातल्या फुकट धड्यांचे पत्ते. प्रत्येक पत्ता सरांनी स्वतः उघडून, शिकून, पारखून मग तिथे ठेवलेला. शेजारी एका ओळीचा शेरा. 'मास्तर चांगला आहे, इंग्रजी सोपं वापरतो.' 'इथली चित्रं जड आहेत, वीज असेल तेव्हाच उघडा.' 'इथं तिसऱ्या धड्यापासून पैसे मागतात, दुसऱ्या धड्यावरून परत फिरा.' 'रंग शिकायला उत्तम. बाकी काही येत नाही याला.' पुढे मी पोटापाण्यासाठी खूप पानं पाहिली, खूप बनवली. इतकं खरं बोलणारं पान मला पुन्हा भेटलं नाही.

पण गंमत अशी की नवा विद्यार्थी पालकांना घेऊन आला की सर पहिल्याच भेटीत या पानाचा पत्ता कागदावर लिहून त्याच्या हातात ठेवत. "मी जे शिकवतो ते सारं इथं फोकटात भेटते. घरी कॉम्प्युटर असन तं घरीच शिका." पालक चक्रावत. एकदा आसगावकडच्याच एका बापानं विचारलं, "मंग सर, फी कायची?"

"खड्ड्याची," सर म्हणाले. "अन् लाइटीची. शिकणं फोकट आहे."

त्या गृहस्थानं खड्ड्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि कागद खिशात घालून पोराला घेऊन गेला. माग थांबवून आबाजींनी मला डोळा घातला. मला त्या दिवशी आबाजींचा फार राग आला होता.

इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या तारेतून, आणि घरात टेलिफोन एकच, तोही आबाजींच्या हाताशी. सर आम्हाला एखादं पान उघडून दाखवत असत, पान वरून खाली हळूहळू उतरत असे आणि नेमक्या त्या वेळी आबाजी रिसीव्हर उचलून कानाला लावत. झालं, तार तुटे, पान अर्ध्यावर. "बाबा!" सर ओरडत. "पाहून राहिलो चालू आहे का," आबाजी शांतपणे म्हणत. तो फोन कधीच बंद पडलेला नव्हता, तरी आबाजींनी त्याची काळजी घेणं सोडलं नाही.

वेबपान बनवायला शिकवताना मात्र सरांमधला कोष्टी बाहेर येई. त्यांचं प्रत्येक पान लुगड्यासारखं असे. दोन्ही अंगांना काठ, नक्षीचा, बारीक कलाकुसरीचा. मधे साधं अंग. आणि जे काही महत्त्वाचं, पाहण्यासारखं, ते सगळ्यात शेवटी, पदरात. वरती काही ठेवलेलं त्यांना खपत नसे. "लुगडं पदरासाठी घेतेत बाई. पदर आधी दाखवला तं अंग कोण पाह्यन?" एकदा आबाजी पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे उभे राहून पडद्याकडे बघत राहिले. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "काठ सुधा आहे." सुधा म्हणजे सरळ, नीट. सरांचे कान लाल झाले. बापानं लेकाच्या कामाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं ते तेवढंच.

त्याच काठानं घात केला. तुमसरच्या एका राइस मिलच्या मालकाला वेबसाइट पाहिजे होती. ते काम साधलं असतं तर तुमसरचे बाकीचे मिलवाले मागोमाग आले असते, क्लासाला आधार झाला असता आणि आबाजींचे माग छतालाच राहिले असते. सरांनी त्या पानासाठी जीव टाकला. काठावर धानाच्या लोंब्या काढल्या, एकेक दाणा वेगळा. शेठ जीप घेऊन पवनीला आले. पांढरा झक्क पायजमा. खड्ड्यात पाय सोडायला त्यांनी साफ नकार दिला आणि काठावर उकिडवे बसले. घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं पान सर एका क्षणात दाखवू शकले असते. पण नाही, गिऱ्हाइकाला खऱ्या इंटरनेटवरूनच दाखवायचं, त्याशिवाय ते खोटं, असं त्यांचं म्हणणं. आबाजींनी रिसीव्हरला हात लावू नये म्हणून मला फोनजवळ बसवलं होतं.

पान उतरू लागलं. डावा काठ आला. लोंबीमागून लोंबी. मग उजवा काठ.

"वा," शेठ म्हणाले. "बढिया. मिलचं नाव कोठी आहे?"

"येऊन राहिलं शेठ."

"अन् चावलचा भाव? फोन नंबर?"

"ते पदरात आहे. पदर शेवटी येते."

शेठनी पायावरचा भार बदलला. मधलं अंग उतरू लागलं. एवढ्यात पंखा थांबला, माग सोडून सगळं थांबलं. वीज गेली होती, आणि आमच्याकडे गेलेली वीज दिवस मावळल्याशिवाय परत येत नसे. शेठ उठले, पायजमा झटकला आणि म्हणाले, "सरजी, तुमचं काम बहुत सुंदर आहे. पण माह्या गिऱ्हाइकाले चावल पायजे, लुगडं नाही." ते गेल्यावर मी म्हटलं, "सर, नाव वरती घेऊ या ना." सर म्हणाले, "वरती घेतलं तं काठ कोण पाह्यन?" संध्याकाळी आबाजींनी "आज किती?" तेवढं नेहमीसारखं विचारलं.

त्यानंतर बसस्टँडसमोर एक सायबर कॅफे उघडला. फिरत्या खुर्च्या, कूलर, काचेचं दार. आणि कॅफेवाल्यानं काय केलं, तर आपल्या सगळ्या कॉम्प्युटरवर पहिलं पान म्हणून सरांचं 'सुरुवात इथून' लावून टाकलं. न विचारता. येणारी पोरं तिथं तासाप्रमाणे पैसे मोजून, कूलरच्या हवेत बसून सरांनी पारखलेले धडे शिकू लागली. हे कळल्यावर सर भांडायला जातील असं मला वाटलं. ते गेले, पण पाहायला. परत आले ते आनंदानं फुलून. "बाई, पाचही कॉम्प्युटरवर आपलं पान! दार उघडलं का आपलंच तोंड!" आबाजी मागावरूनच म्हणाले, "तुहं पान तठी, तं पोट्टे बी तठीच. इथं काय उरलं? खड्डे." वरठीच्या पोलाद कारखान्यातल्या एका कामगारानं ते पान वाचून स्वतःच्या गावाची वेबसाइट केली आणि सरांना आभाराचा ई-मेल पाठवला. सर तो ज्याला त्याला वाचून दाखवत. तो माणूस क्लासाची पायरी कधी चढला नाही, हे सरांच्या लेखी त्याचं मोठेपण होतं.

उरलेल्यांना भंडाऱ्याच्या एका मोठ्या इन्स्टिट्यूटनं ओढून नेलं. तिथं सोनेरी मोहोर असलेलं सर्टिफिकेट मिळत असे. सर सर्टिफिकेट देत नसत. "तुले येते का नाही ते तुले मालूम आहे. कागदाले कायले विचारतं?" म्हणत. आमच्या मावशीला हे उत्तर बिलकूल पटलं नव्हतं, आणि लग्नाच्या बाजारात ती सरांपेक्षा जाणती होती.

एक-एक करत खड्डे रिकामे झाले. शेवटी मी एकटी उरले. माझं कॉलेज संपलं होतं, तरी मी येत राहिले, कारण मला ते काम आवडू लागलं होतं आणि सरांचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता. नागपूरला वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात मी अर्ज केला होता. तिथून बोलावणं आलं. मी सरांना सांगितलं, अजून थोडे दिवस थांबते, मला अजून सगळं कुठे येतं. सरांनी माझ्याकडून एक पान करून घेतलं, खालपासून वरपर्यंत तपासलं आणि म्हणाले, "तुहं शिकणं झालं. उद्यापासून येऊ नोको."

"मग उद्या कोण येईल सर?"

"म्हणून काय तुले नापास करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन मी नागपूरच्या गाडीला निघाले. वाटेत पेढे द्यायला क्लासात गेले. सर शिडी लावून वर चढले होते. मी म्हटलं, "सर, उतरा. मी आले ना."

"तू पेढे द्याले आली. ते हजेरीत नाही बसत."

मला रडू आलं. पेढ्यांचा पुडा हातात तसाच. आबाजींचा माग चालू होता. सर वरची पहिली गाठ चाचपत होते, गाठ जुनी, सुटता सुटत नव्हती. आबाजींनी माग थांबवला. संध्याकाळ व्हायला खूप अवकाश होता, तरी त्यांनी विचारलं, "आज किती?"

"एक बी नाही बाबा. उतरवून राहिलो."

मला वाटलं, म्हातारा आता खूश होणार. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो उजाडला. आबाजी गुडघ्यावर हात देत खड्ड्यातून वर आले. धोतराला हात पुसले. खोली ओलांडून माझ्या नेहमीच्या खड्ड्याजवळ आले, पोत्याची घडी सारखी केली आणि पाय आत सोडून कॉम्प्युटरसमोर बसले.

"गाठ सोडू नोको," ते वर न पाहता म्हणाले. "खाली विद्यार्थी बसला आहे. डोक्यात पडन."

सर शिडीवर तसेच उभे राहिले. मग आबाजीच खेकसले, "शिकवणार हायेस का वरतंच बसतं? पेढे बी ठेव इथं, पोरी." माझी गाडी चुकली. दुसरी मिळाली.

आबाजी रोज क्लासाला बसू लागले. सकाळी विणकाम, दुपारी कॉम्प्युटर. हे सारं मला सर फोनवर सांगत, आणि प्रत्येक वेळी तक्रार करत. "बाई, असा ढ विद्यार्थी माह्या पाह्यण्यात नाही. स्वतःचं नाव लिहाले शिकवलं. दुपारभर एकेक अक्षर शोधून लिहिते. पुरं होत आलं का म्हणते, बंद कर. म्या म्हटलं बाबा, सेव्ह करू, उद्या इथूनच पुढं जाऊ. तं म्हणते नोको. उद्या परत पहिल्या अक्षरापासून!" मी विचारलं, का म्हणून नको म्हणतात? सर म्हणाले, "म्हणते, लुगडं पुरं झालं का माग रिकामा होते. आता याचा इथं काय संबंध?" मला तेव्हाच संबंध कळला होता. सरांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी प्रामाणिकपणे कोर्स लवकर पुरा करून टाकला असता.

सुटीत गेले की मी तो क्लास पाहत असे. सर शब्द सांगत, आबाजी त्यावर भांडत. 'विंडो' म्हणजे खिडकी तर हवा कुठं आहे, 'फोल्डर' आहे तर घडी कुठं दिसते. सर चिडत, पुन्हा समजावत. दोघांच्या आवाजानं खोली भरून जाई. संध्याकाळ झाली की आबाजी पडद्यासमोरून उठत, आपल्या मागाजवळ जाऊन टेकत आणि तिथून विचारत, "आज किती?" सर म्हणत, "एक." आबाजींचं तोंड पूर्वीसारखंच वाकडं होई. म्हाताऱ्यानं सोंग कधी मोडलं नाही. मी त्यांच्यावर रागावले होते ते आठवून मला माझंच हसू येई.

आबाजी थंडीच्या दिवसांत गेले. आदल्या दिवसापर्यंत हजेरी होती. नाव तेव्हाही पुरं झालेलं नव्हतं. मधल्या काळात त्या परदेशी कंपनीनं फुकटच्या जागा काढून घेतल्या आणि 'सुरुवात इथून'ही त्यांच्यासोबत गेलं. पवनीत कोणाच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही, कारण तोवर सगळ्यांच्या खिशात मोबाइल आला होता आणि नवशिका म्हणून घ्यायला कोणीच तयार नव्हतं.

तेरवीला मला जमलं नाही. नंतर सवडीनं गेले. सरांनी क्लास बंद केला होता. तिन्ही कॉम्प्युटरवर लुगड्याच्या तुकड्यांची झाकणं. वर माग टांगलेले होते तसेच. चौथा मागही उभाच होता, पण खोलीत आवाज कसला तो नव्हता, आणि त्या खोलीत मला आवाजाशिवाय बसायची सवय नव्हती. सरांनी स्वतः चहा करून आणला. खड्ड्याच्या काठावर आम्ही समोरासमोर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सर, आता या खड्ड्यांचं काय करणार? बुजवणार का?"

सरांनी कप फळीवर ठेवला.

"पाह्य बाई," ते म्हणाले, "बाबा म्हणत, माग बसव. मी म्हणो, नाही बसवत. रोज तेच. तेच ऐकत ऐकत एवढी वर्षं क्लास चालवला म्या. आता माग बसवला तरी मले कोणी काही म्हणत नाही, अन् नाही बसवला तरी कोणी म्हणत नाही."